गळ्याखालची काळी रेघ

भादवा सरला की आमच्या परसातल्या जास्वंदीवरचा काळा पक्षी दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी एक मळकट पिवळा येऊन बसतो. यंदाही तसंच झालं. काल सकाळी मी नळावर भांडी घासत होते. नात शेजारी उभी राहून दात घासत होती. तोंडात फेस तसाच ठेवून ती ओरडली, "आजी, वो देख, हमिंगबर्ड!"

"आधी थुंक. मग बोल."

हमिंगबर्ड आपल्याकडे नसतो, तिच्या मोबाइलमध्ये असतो. तो म्हणे हवेत एका जागी उभा राहून फुलातला मध पितो. आमचा हा कधीमधी पंख फडफडवत फुलापुढे क्षणभर थांबतो, पण त्याचं खरं काम बसून. फांदी धरतो, वाकतो, उलटा लटकतो आणि चोच घालतो. जास्वंदीचं फूल खोल असतं, चोच पोचत नाही, तर बाहेरून बुडाशी भोक पाडतो आणि तिथून पितो. चोरच आहे एक प्रकारचा.

नातीला मी जवळ घेऊन दाखवलं. चिमणीपेक्षा लहान, तुझ्या मुठीत मावेल एवढा. चोच बारीक आणि खाली वाकलेली. पाठ शेवाळी, पोट पिवळं. इथपर्यंत मादीही अशीच दिसते. नर ओळखायचा तर गळ्याखाली बघायचं. हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी रेघ असते, शाईचं बोट ओढल्यासारखी. ती दिसली की समजायचं, हा तोच. उन्हाळ्यात जो काळा कुळकुळीत असतो आणि ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो, तो हाच.

"वही है? सच्ची?"

"तोच आहे. कपडे बदललेत फक्त."

हे शेवटचं वाक्य माझं नाही. ते शोभाचं आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिता येतं, पण किराण्याच्या यादीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. आज लिहिते, कारण तोंडानं सांगायची वेळ होती तेव्हा मी सांगितलं नाही.

शोभा आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. लोधीपुऱ्यातल्या आमच्या घराला मागं परस आहे, आणि परसाला मागच्या गल्लीत उघडणारं फाटक. भाडेकरूंनी तिथूनच ये-जा करायची, हा माझाच नियम. पुढच्या दारात चिखलाचे पाय मला चालत नाहीत. तेव्हा मुलगा नोकरीनं खंडव्याला होता आणि घरात मी एकटी. शोभा प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचा नवरा धनराज इंदूरला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, महिन्यातून दोनदा शनिवारी यायचा. कुरळे दाट केस, तेल लावून चमकवलेले, आणि मिशी अशी जाड की मी शोभाला म्हणायचे, "तुझा नवरा आला की फाटकातून आधी मिशी आत येते, मग तो येतो." ती तोंडाला पदर लावून हसायची. सासर तुकईथडचं. केळीचं शेत, सासू, सासरे. सासरे थकले होते, सासू खमकी होती.

परसाच्या कोपऱ्यात केळीचं बेट आहे. घडाच्या फण्या पुऱ्या झाल्या की खाली लटकलेलं कमळ, म्हणजे केळफूल, आम्ही कापतो. नाही तर सगळा जीव त्या कमळात जातो आणि केळी बारीक राहतात. मी विळा घेऊन निघाले की शोभा आडवी यायची.

"राहू द्या ना काकू, चार दिवस. तो येतो तिथं."

"कोण येतो?"

"शिंजीर. त्याला मध भेटतो त्यात."

"आणि मला केळी नकोत?"

"केळी मी आणून देईन बाजारातून. बस?"

बुऱ्हाणपुरात मला केळी विकत आणून देणार होती! मी हसले आणि विळा भिंतीला टेकवला. नाही तर आमच्याकडे त्या पक्ष्याला नाव होतं कुठे? मी त्याला काळी चिमणी म्हणायचे. शिंजीर हे नाव तिनं आणलं.

तिच्या पहिल्याच आश्विनात काळा गेला आणि पिवळा आला. मी म्हटलं, "बघ ग, नवरा चार दिवस दिसला नाही तर हिनं दुसरा करून आणला." शोभा इतकी हसली की तिला ठसका लागला. मग माझं मनगट धरून तिनं मला जास्वंदीपाशी नेलं. "काकू, गळ्याखाली बघा. रेघ दिसते? तोच आहे तो. कपडे बदललेत फक्त. माघात परत काळा होईल."

मला पटलं नाही. पण पौष संपता संपता त्याच्या अंगावर काळे डाग पडायला लागले, कुणी शाई झटकल्यासारखे. माघात तो सगळा काळा झाला. तेव्हा पटलं. आणि मग काय, शेजारच्या सगळ्या बायकांना मीच बोलावून दाखवायला लागले. गळ्याखाली बघा, रेघ बघा. जसं काही मीच शोधलं. सुमनला तर मी म्हटलं होतं, "मला आता कुणी फसवू शकत नाही." सुमन आमच्या शेजारची, चौथं घर.

पुढच्या भादव्यात माझी मुलगी बाळंतपणाला टेकली. तिचं सासर धूलकोट. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून मलाच जावं लागलं. घराला कुलूप लावून मी महिनाभर तिकडं राहिले. नातू झाला, सगळं नीट पार पडलं. परत आले तेव्हा आश्विन लागला होता आणि गल्लीत गुलाबाई बसल्या होत्या.

दुपारच्या बसनं आले. घर झाडलं. तिन्हीसांजेला गच्चीवर गेले आणि खाली परसात पाहिलं. नळावर एक माणूस पाय धूत होता. डोकं तासलेलं, मिशी नाही, चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा. शोभानं त्याला टॉवेल दिला. मग दोघं खोलीच्या उंबऱ्यावर बसले. तिनं ताट वाढलं. त्यानं घास घेतला नाही, मान खाली घातली. तिनं जवळ सरकून पदरानं त्याचं तोंड पुसलं.

माझे डोळे चांगले होते. मोतीबिंदू नंतर आला. अंधारही पडला नव्हता. कुणी विचारलं तर यातलं एकही कारण मी देणार नाही.

मी गच्चीवरून उतरले, चप्पल घातली आणि सुमनच्या घरी गेले. तिच्या ओसरीत गुलाबाई मांडलेली असते. पोरी गाणी म्हणतात, आरती होते, आणि मग खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा हलवून दाखवतात, नुसत्या आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. कुणी ओळखलं की डबा उघडतो. सुमन डबा हलवत होती.

"काय व जीजी, कधी आल्या? अशा गप्प का?"

"गप्प राहण्यासारखंच आहे." बोलायचं असलं की मी असंच सुरू करते.

"चिवडा!" एक पोरगी म्हणाली.

"नाही ग, अजून ओळखा," सुमन म्हणाली आणि माझ्याकडे सरकली. "काय झालं?"

"शोभाकडे कुणी तरी येतं."

"कोण?"

"मला काय मालूम. टकला आहे. तिनं त्याचं तोंड पुसलं, पदरानं."

"माय व!" सुमनच्या हातातला डबा हलायचा थांबला.

"शेंगदाण्याचे लाडू!" दुसरी पोरगी ओरडली. बरोबर होतं. डबा उघडला. मीही एक लाडू खाल्ला, तिथंच बसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. "काकू, मामंजी गेले. दोन-अडीच आठवडे झाले. तुम्हाला फोन करणार होते, पण तुमच्याकडे बाळंतपण, शुभ कार्य. म्हटलं तिथं कशाला ही बातमी." तिची शाळेची वेळ झाली होती. एवढं सांगून ती गेली.

म्हणजे माझ्या नातवाला अशुभ लागू नये म्हणून तिनं मला सासऱ्याचं मरण कळवलं नव्हतं. आणि ते ऐकून माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? सासरा जाऊन तीन आठवडे नाही झाले, आणि हिचं हे! संध्याकाळी तेवढंही मी सुमनला नेऊन दिलं.

बाप गेला, आई गेली, की दहाव्या दिवशी मुलगा केस आणि मिशी उतरवतो. हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या नवऱ्याला मी तसं दोनदा पाहिलं आहे. सासरा गेलेला आणि परसात मुंडण केलेला माणूस, दोन्ही माझ्यासमोर होतं. मी ते जोडलं नाही. का नाही? जोडलं असतं तर गोष्टच उरली नसती. आणि गोष्ट छान जमली होती. कितीतरी दिवसांनी बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

याहून वाईट आहे, तेही लिहिते. त्या माणसाच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. तो शर्ट माझ्या दोरीवर वर्षभर वाळत होता. पाऊस आला तेव्हा तो मी स्वतः काढून, घडी घालून शोभाच्या कडीला अडकवला आहे. गच्चीवरून मी तो शर्ट पाहिला होता. सुमनला मी डोकं सांगितलं, मिशी सांगितली, पदर सांगितला. शर्टाचं सांगितलं नाही.

सुमनची भाची तुकईथडला दिलेली. चार दिवसांत बोलणं तिथं पोचलं. फोन असल्यावर काय वेळ लागतो.

त्या रविवारी धनराज आला, पुढच्या दारानं. पहिल्यांदाच. डोक्यावर बोटभरही नाहीत एवढे केस आले होते, ओठावर नुसती सावली. मागं शोभा उभी होती, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, "ये, बस." तो बसला नाही.

"काकू," तो म्हणाला, "मीच तो."

पायाखालची फरशी बघत मी म्हटलं, "मग मागच्या दारानं कशाला यायचं चोरासारखं? पुढून आला असतास तर..."

"आमचं दार मागंच आहे ना, काकू. पहिल्यापासून."

तरी जीभ राहिली नाही. "आधी सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं?" शोभा पहिल्यांदा बोलली. "की हे माझे मिस्टर आहेत?"

धनराजनं तिला हातानं थांबवलं. तो आवाज न चढवता सांगत होता, तेच जास्त लागत होतं. त्या संध्याकाळी शोभानं केळीच्या कमळाची भाजी केली होती. त्याच्या बापाला ती फार आवडायची. घास हातात घेतला आणि त्याला रडू फुटलं. तेरा दिवस पाहुण्यांसमोर तो रडला नव्हता. एवढंच झालं होतं. पहाटेच्या बसनं तो इंदूरला गेला.

"पण आई ऐकत नाही," तो म्हणाला. "मी सांगतो, तो मी होतो. ती म्हणते, तू बायकोला झाकतो. शोभानं ताट वाढलं की हात धुऊन उठते. तिच्या हातचं खात नाही."

"मी फोन करते," मी म्हटलं. "आत्ता लाव."

"फोनचं मी आईंना विचारून बघितलं," शोभा म्हणाली. "त्या म्हणतात, फोनवर कुणाचाही आवाज काढतील. जिनं पाहिलं तिला माझ्यासमोर आणा." मग ती दोन पावलं पुढं आली. "एकदा चला काकू. आईंसमोर एवढंच सांगा, की तुम्ही ओळखलं नाही. बस. मला दुसरं काही नको."

"येते की," मी म्हटलं. "दिवाळी होऊ दे."

दिवाळीनंतर मुलगा येणार होता. मग थंडी पडली आणि गुडघे धरले. मग संक्रांत. तुकईथडची बस सकाळी जाते आणि संध्याकाळी माणूस घरी परत येतो. गुडघ्यांचं म्हणाल तर त्याच थंडीत मी दोनदा धूलकोटला जाऊन आले, नातवाला बघायला. तुकईथडला जायला मला गुडघे नव्हते, कारण तिथं जाऊन एका परक्या बाईसमोर म्हणावं लागणार होतं की मी चुकले. ओसरीवर बसलेल्या चार बायका ऐकणार. आणि ती सुमनच्या भाचीला सांगणार, भाची सुमनला. भाडेकरणीसाठी मी माझं नाक खाली करू? असं मी स्वतःशी म्हणायची. भाडेकरीण म्हणायची. शोभा नाही.

शोभानं तीनदा विचारलं. दिवाळीनंतर एकदा विचारलं. मग मार्गशीर्षात, केळीपाशी, मी कमळ कापत असताना. तेव्हा तिनं विळ्याला आडवा हात घातला नाही. तिसऱ्यांदा पौषात. "उद्या रविवार आहे काकू. मी बरोबर असेन." मी म्हटलं, "बघू." त्यानंतर तिनं विचारलं नाही. संक्रांतीनंतर त्यांनी खोली सोडली. दुसऱ्या मोहल्ल्यात गेले. लोखंडी पलंग टेम्पोत मावला नाही, तो नंतर नेऊ म्हणाले. जाताना शोभानं खोली झाडून दिली आणि किल्ली माझ्या हातात न देता खिडकीत ठेवली.

तेवढे सगळे दिवस तो पक्षी परसात होता. पिवळा, मळका, गळ्याखाली रेघ घेऊन. रोज सकाळी मी नळावर बसायची आणि तो माझ्यासमोर फुलाच्या बुडाशी चोच लावायचा. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. त्याला परत काळं व्हायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस मला होते. कमी नव्हते.

सुमनला मी पुढं खरं काय ते सांगितलं. खूप पुढं. ती पापड लाटत होती. म्हणाली, "म्हणजे काहीच नव्हतं? मग एवढी चर्चा कशी झाली, जीजी?" मी म्हटलं, "मी केली म्हणून." ती म्हणाली, "जाऊ द्या, जुनी गोष्ट." पण मागच्या गुलाबाईला कुणीतरी खोली भाड्यानं विचारायला आलं, तेव्हा हीच सुमन दारात म्हणाली, "आधी एक मास्तरीण होती, तिचं काय काय झालं होतं." मी तिथंच होते. पाहुण्यांसमोर मी मोठ्यानं म्हटलं, "तिचं काही झालं नव्हतं. तिच्या नवऱ्याला मी ओळखलं नाही. ते खोटं मी पसरवलं." पाहुणी बाई गडबडली. खोली काही तिनं घेतली नाही. आता कुणी विचारायला आलं की मी हे आधी सांगते. सुमनला वाटतं मला वेड लागलं. पण ज्या एका बाईसमोर बोलायचं होतं, तिच्यासमोर सोडून बाकी सगळ्यांसमोर बोलण्यात काय मोठेपणा आहे?

काल नातीनं विचारलं, "आजी, तुला हे पक्ष्याचं कुणी शिकवलं?" मी सांगितलं, मागच्या खोलीत एक शोभा होती, तिनं. "मग ती कुठे गेली?" मी म्हटलं, "जा, तोंड धू. शाळेला उशीर होतो."

तिला सांगायचं राहिलं ते इथं लिहिते.

माघ लागला होता. सकाळची वेळ. शिंजीर जास्वंदीवर होता, अर्धा पिवळा, अर्धा काळा, पाठीवर नवीन चकाकी. मी त्याच्याकडेच बघत होते, तेवढ्यात मागच्या फाटकाची कडी वाजली. एक माणूस आत आला. डोकं तासलेलं, मिशी नाही. मागं टेम्पोवाला दोर घेऊन उभा.

या वेळी मी लगेच ओळखलं.

बाप तर आधीच गेला होता. मग हे मुंडण कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. आधी ज्या डोक्यावरून मला काही कळलं नव्हतं, त्याच डोक्यावरून आता सगळं कळलं. हातातलं पातेलं मी नळाखाली तसंच धरून बसले, ते भरून वाहायला लागलं.

"पलंग न्यायला आलो, काकू," धनराज म्हणाला.

मी खोलीचं कुलूप काढलं. ते दोघं आत गेले. पलंगाचे पाय फरशीवर घासत बाहेर आले. दारात वळवताना तो अडकला, म्हणून मीही एका बाजूनं धरला. आमच्या मध्ये तेवढा पलंगच होता. मी विचारलं, "शेवटी तरी शोभाच्या हातचं काही घेतलं का रे त्यांनी?"

त्यानं पलंग उचलून तिरपा केला, दाराबाहेर काढला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"पाणीसुद्धा नाही, काकू."